यकृताचा कर्करोग : गाठ मोजायची की गाठीची भूक?

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर पाथर्डी तालुक्यातील एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. वय साठीच्या जवळ, अंग वाळलेले, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. बरोबर थोरला मुलगा आणि त्याच्या हातात मुंबईहून आणलेल्या फिल्मची मोठी पिशवी. या गृहस्थांना यकृताचा कर्करोग झाला होता. गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्यामुळे मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांना सात आठवडे झाले होते. तळहातांना आणि तळपायांना भेगा पडल्या होत्या, जुलाब थांबत नव्हते, हातात विळा धरवत नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हाताची सालटं निघाली, त्याचं काही नाही. पण गोळी लागू पडती का नाही, तेवढं सांगा. पडत असंल तर मी सोसतो."

प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मुंबईच्या तज्ज्ञांजवळही त्या दिवशी ते नसते. गोळीचा परिणाम पाहण्यासाठी तिसऱ्या महिन्यात पुन्हा स्कॅन करायचा, गाठ मोजायची आणि मग ठरवायचे, अशी रीत आहे. "तोपर्यंत धीर धरा," एवढेच मी सांगू शकलो. ते उठून गेले आणि त्यांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. या प्रश्नाचे उत्तर लवकर देऊ शकेल अशा एका नव्या तपासणीविषयी आज लिहायचे आहे. ही तपासणी म्हणजे शरीरातील चयापचय दाखवणारा एमआरआय.

प्रथम यकृताविषयी थोडे. यकृत म्हणजे आपल्या शरीराचा मुदपाकखाना आणि कोठार. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव आतड्यांतून आलेले अन्न पारखतो, साठवतो, विषारी पदार्थ निकामी करतो. त्याची ताकद एवढी मोठी असते की बराच भाग खराब होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ, दारू आणि अलीकडे मधुमेह व स्थूलपणाबरोबर येणारी यकृतातील चरबी, ही यकृत खराब होण्याची मुख्य कारणे. वर्षानुवर्षे सूज राहिली की यकृत आक्रसते, कडक होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. यकृतात सुरू होणारा कर्करोग बहुतेक वेळा अशा आधीच खराब झालेल्या यकृतातच उगवतो. 'ब' काविळीत मात्र सिरॉसिस नसतानाही तो होऊ शकतो.

हा कर्करोग ओळखण्याची आजची पद्धत मोठी चतुर आहे. यकृताला दोन बाजूंनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते आणि उरलेले धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढते. म्हणून शिरेत औषध टोचून सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला, की गाठ आधी उजळते आणि बाकीचे यकृत उजळेपर्यंत ती फिकी पडते. सिरॉसिसच्या रुग्णात ही खूण स्पष्ट दिसली तर अनेकदा सुई घालून तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही. म्हणजे निदानाची बाजू बरीच भक्कम आहे. अडचण येते ती उपचार सुरू झाल्यावर.

माझ्या पाथर्डीच्या रुग्णाला दिलेली गोळी सोराफेनिब नावाची होती. २००७ साली यकृताच्या कर्करोगासाठी तिला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीवरून ती मिळाली, तिच्यातील दोन आकडे पाहण्यासारखे आहेत. गोळी न घेणाऱ्या रुग्णांचा जगण्याचा मधला काळ ७.९ महिने होता, घेणाऱ्यांचा १०.७ महिने. फायदा थोडा, पण निश्चित. आणि ज्यांची गाठ स्कॅनवर लक्षात येईल इतकी लहान झाली, असे रुग्ण होते शंभरात केवळ दोन! याचा अर्थ असा की ही गोळी ज्यांना लागू पडते, त्यांची गाठसुद्धा सहसा लहान होत नाही. ती फक्त वाढायची थांबते किंवा हळू वाढते. मग सातव्या आठवड्यात फूटपट्टी लावून काय कळणार? गाठ तेवढीच दिसली तर ती औषधाने थांबली आहे की मुळातच सावकाश वाढणारी आहे, हे कसे ओळखायचे? २०२० पासून प्रतिकारशक्ती जागवणारी नवी इंजेक्शने आली आहेत आणि ती अधिक गुणकारी आहेत. पण ती महाग आहेत, शिवाय तीही प्रत्येकाला लागू पडत नाहीत. म्हणजे प्रश्न तोच, फक्त पैसे जास्त.

आपल्याकडचा कोणताही शेतकरी गोठ्यात याहून शहाणपणाने वागतो. बैल आजारी पडला तर त्याची हाडे वर येईपर्यंत तो थांबत नाही. बैलाने वैरण सोडली, रवंथ बंद केले, की सकाळीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणे जाते. शरीर नंतर बदलते, खाणे आधी बदलते. गाठीचेही तसेच आहे. औषध लागू पडले की गाठीचा आकार बदलण्याच्या कितीतरी आधी तिच्या पेशींचे खाणेपिणे बदलते. तेव्हा गाठ मोजण्याऐवजी गाठीची भूक मोजता आली तर?

कर्करोगाच्या पेशींची भूक वेगळी असते, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले होते. आपल्या पेशी साखर तोडून तिचे पायरुव्हेट नावाचे द्रव्य बनवतात आणि मग प्राणवायूच्या मदतीने ते जाळून शक्ती मिळवतात. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी मात्र प्राणवायू हजर असतानाही पायरुव्हेटचे लॅक्टेट करून टाकतात. पेट स्कॅन ही तपासणी गाठीच्या साखरेच्या भुकेवरच चालते, हे काही वाचकांना ठाऊक असेल. मग यकृतासाठी पेट स्कॅन का पुरत नाही? कारण यकृताच्या पेशींजवळ साखर अडकवण्याची जशी यंत्रणा आहे, तशी ती पुन्हा सोडून देण्याचीही आहे. यकृताच्या कर्करोगातील शांत स्वभावाच्या गाठी ही सवय टिकवून ठेवतात. टोचलेली किरणोत्सारी साखर त्यांच्यात साठतच नाही आणि सुमारे निम्म्या गाठी नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये नीट दिसत नाहीत.

इथे एमआरआयची नवी तऱ्हा कामाला येते. नेहमीचा एमआरआय शरीरातील पाणी आणि चरबी यांच्यातील हायड्रोजनच्या संदेशावर चित्र काढतो. पण त्याच चुंबकाच्या साहाय्याने एखादा अणू कोणत्या द्रव्यात बसला आहे, हेही ओळखता येते. हे तत्त्व पुढे आणणाऱ्यांत एक भारतीय होते. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एस. एस. धर्मट्टी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी साध्या अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगवेगळे संदेश दाखवले. अणू तोच, पण शेजार बदलला की संदेश बदलतो. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे या विद्येची शाखा उभी केली. ज्या अल्कोहोलने आमच्या भागातील कितीतरी यकृते नासवली, त्याच अल्कोहोलवरील प्रयोगाने यकृत तपासण्याची वाट दाखवली, हा एक योगायोग.

तत्त्व कळले, पण पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांचा संदेश जिवंत शरीरात फार क्षीण असतो. २००३ साली स्कँडिनेव्हियातील आर्डेनक्येर-लार्सन, गोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. कार्बन-१३ हा किरणोत्सर्ग न करणारा कार्बन घातलेले द्रव्य त्यांनी चुंबकाच्या सान्निध्यात उणे २७२ अंशांच्या आसपास गोठवले, सूक्ष्मलहरींनी त्याचे अणू एका दिशेला वळवले आणि मग ते झटकन गरम पाण्यात विरघळवले. असे केल्याने संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढला. याच रीतीने तयार केलेले पायरुव्हेट शिरेत टोचले की ते कुठे जाते, त्यातील किती लॅक्टेट होते, हे एमआरआयवर प्रत्यक्ष घडताना दिसते. मात्र हा जोर टिकतो एक-दोन मिनिटे. तेवढ्या वेळात इंजेक्शन आणि चित्र दोन्ही उरकावे लागते. माणसांवरील पहिला प्रयोग सॅन फ्रान्सिस्को येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ३१ रुग्णांवर झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज आणि इतर ठिकाणीही ते काम वाढले.

दुसरी वाट अधिक साधी आहे. जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, घातलेली साखर रुग्णाला पाण्यातून प्यायला द्यायची आणि थोड्या वेळाने तिचे काय झाले ते एमआरआयवर पाहायचे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली ही पद्धत माणसांत करून दाखवली. यात अतिथंड यंत्र नको आणि एक-दोन मिनिटांची धावपळही नको. एमआरआय यंत्राला जादा सामग्री मात्र लागते आणि चित्र अजून ढोबळ येते.

आता माझ्या डॉक्टर मित्रांचा आक्षेप सांगतो, कारण तो पोकळ नाही. एक मित्र म्हणाले, "अहो, आमच्या तालुक्याला सोनोग्राफी करणारा माणूस रोज मिळत नाही आणि तुम्ही उणे २७२ अंशांच्या गोष्टी करता!" दुसरे म्हणाले, "ही श्रीमंतांची चैन. मोठ्या शहरात जाहिरात होईल, रुग्णाचा खिसा आणखी हलका होईल, औषध तेच राहील."

आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे आणि त्याबद्दल पुढे माझीच चूक सांगणार आहे. पण ही श्रीमंतांची चैन आहे, हे मला पटत नाही. लागू न पडणारे औषध तीन महिने घेणे श्रीमंताला परवडते. माझ्या पाथर्डीच्या रुग्णाला परवडत नाही. औषधाच्या जोडीला नगरहून मुंबईचा प्रवास, बरोबरच्या माणसाचा रोज बुडणे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागेपर्यंतचे दिवस आणि तळव्यांना भेगा पडल्यामुळे राहिलेली कांद्याची लागण, हे सारे त्या तीन महिन्यांत मोजायचे. ज्याच्याजवळ मुळात थोडेच महिने आहेत, त्याचे दोन महिने वाचवणारी तपासणी ही चैन कशी? लागू न पडणारे औषध लवकर बंद करता आले, तर दुसरे औषध सुरू करण्याइतकी ताकद अंगात असतानाच करता येते. दुसरे औषध नसेल, तर उरलेले दिवस तरी माणूस भेगांशिवाय आणि जुलाबाशिवाय घरी काढतो.

महाग गोष्ट महागच राहते, असेही नाही. याच सोराफेनिबचे उदाहरण घ्या. परदेशी कंपनीची गोळी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी देशातील पहिला सक्तीचा परवाना देऊन एका भारतीय कंपनीला ती बनवण्याची मुभा दिली आणि किंमत ठरवून दिली महिन्याला ८,८८० रुपये. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथे २०१४ साली हरली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. कोणीतरी नेट धरला म्हणून आज ही गोळी पाथर्डीपर्यंत पोचते. यंत्रांचेही होऊ शकते. बंगळुरूच्या एका कंपनीने बनवलेले देशी एमआरआय यंत्र २०२३ साली जगापुढे आले आहे. मी १९९६ साली दवाखाना थाटला, तेव्हा सोनोग्राफीसाठी रुग्णाला नगरला पाठवावे लागे आणि "एवढी काय गरज?" असे नातेवाईक विचारत. आज गरोदर बाईची सोनोग्राफी झाली नाही तर तेच नातेवाईक मला जाब विचारतात.

तेव्हा माझे मत असे. चयापचय दाखवणारा एमआरआय यकृताच्या कर्करोगासाठी आपल्याकडे यायला हवा, पण तीन अटींवर.

पहिली अट, तो आधी चाचणी म्हणून यावा, धंदा म्हणून नव्हे. यकृतासाठी अजून त्याचे पुरावे थोडे आहेत. निरोगी यकृत स्वतःच सतत पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची उलाढाल करत असते. त्या बाजारात गाठीचा आवाज वेगळा ऐकणे सोपे नाही. शिवाय श्वासाबरोबर यकृत वरखाली हलते. म्हणून परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघरचे त्याचे संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांत, रुग्णाची समजून घेतलेली संमती घेऊन आणि त्याच्याकडून पैसे न घेता हे काम व्हावे. चुंबकीय विद्येची टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परंपरा मुंबईतच आहे. आपल्या रुग्णांची यकृते 'ब' काविळीने, दारूने, मधुमेहाने खराब झालेली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

दुसरी अट, तपासणीने निर्णय बदलला पाहिजे. सुंदर रंगीत चित्र पाहून औषध तेच चालू ठेवायचे असेल, तर चित्र नकोच. "दोन-तीन आठवड्यांत ठरवून औषध बदललेले रुग्ण तीन महिने थांबलेल्यांपेक्षा बरे राहिले का?" या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आले, तरच ती तपासणी दवाखान्यात आणावी. तोवर कोणी जाहिरात करून ती विकू लागले, तर वाचकांनी सरळ पाठ फिरवावी.

तिसरी अट, तिचा उपयोग सिद्ध होईल त्याच दिवशी ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत यावी. नाहीतर माझ्या मित्राचे भाकीत खरे ठरेल.

या विद्येची पहिली पायरी आज आपल्या दारात आलेली आहे, हेही लक्षात ठेवावे. यकृतात किती टक्के चरबी आहे, हे इंजेक्शन न देता, काही सेकंद श्वास रोखून एमआरआयवर अचूक मोजता येते. यकृताच्या जिवंत, काम करणाऱ्या पेशीच शोषून घेतात असे एक टोचायचे औषधही आहे. ते न शोषणारा भाग वेगळा उठून दिसतो आणि त्यामुळे लहान गाठी सापडतात. नुसता आकार पाहण्याकडून काम पाहण्याकडे एमआरआयची वाटचाल सुरू झाली आहे.

आता माझी चूक. पाथर्डीच्या या गृहस्थांनी नऊ वर्षांपूर्वी गावातील शिबिरात रक्तदान केले होते. त्या वेळी त्यांच्या रक्तात 'ब' काविळीचे विषाणू सापडले आणि ते चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. मी तपासले, दारू वर्ज्य सांगितली, पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा म्हटले आणि केसपेपरवर "दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी" असे लिहिले. ते दोनदा गेले. पुढे त्रास काहीच नव्हता, म्हणून सोडून दिले. त्यानंतर ते सर्दीखोकल्यासाठी माझ्याकडे कितीतरी वेळा आले असतील. मी एकदाही विचारले नाही. लिहिले म्हणजे काम झाले, असे मी समजलो. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली असती, तर ती काढून टाकण्याचा किंवा जाळून टाकण्याचा विचार करता आला असता. गाठीची भूक मोजण्याची वेळच कदाचित आली नसती.

म्हणून नव्या तंत्राची वाट पाहताना जुने काम सोडू नका. घरात कोणाला 'ब' कावीळ असेल तर सर्वांची रक्ततपासणी करून घ्या. बाळाला 'ब' काविळीची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळाली की नाही, हे दवाखान्यातच विचारा. २०११ पासून ही लस देशभरातील सरकारी लसीकरणात आहे आणि कर्करोग टाळणारी ती पहिली लस आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'ब' आणि 'क' काविळीची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली जातात. सिरॉसिस असलेल्यांनी, तसेच 'ब' काविळीच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी सांगितले असेल त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. शक्य असल्यास बरोबर रक्तातील अल्फा फीटोप्रोटीनही पाहावे. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका खाऊ नयेत, कारण त्यातील विष यकृतावरच जाते. १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती.

तिसऱ्या महिन्यात त्या गृहस्थांचा स्कॅन झाला. गाठ वाढली होती. गोळी बंद झाली. ते मला भेटायला आले तेव्हा तळव्यांची कातडी भरून येत होती. ते एवढेच म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर कांदे तरी लावले असते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांच्या मुलाची आणि नातवंडांची रक्ततपासणी मी त्याच आठवड्यात करून घेतली. आता माझ्या टेबलावर एक साधी वही असते. यकृताच्या रुग्णांची नावे आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख तिच्यात लिहिलेली असते. तारीख उलटली की मी स्वतः फोन करतो.

अहिल्यानगर असे नवे नाव मिळालेल्या आपल्या जिल्ह्यात नवा एमआरआय येईल तेव्हा येईल. तो लवकर आणि रास्त दरात यावा, असा आग्रह आपण धरू या. आपल्या डॉक्टरांजवळ अशी एक वही आहे का, हे मात्र आजच विचारा.